पीसी चालू होत नाही? "मदरबोर्ड गेलाय" म्हणायच्या आधी एवढं बघा

डेस्कटॉप बंद पडला आणि दुकानात नेला की बऱ्याचदा पहिलं वाक्य ऐकायला मिळतं ते म्हणजे "बोर्ड गेलाय, नवीन टाकावा लागेल", आणि मग बोर्ड बदलायचा म्हणून प्रोसेसर बदला, प्रोसेसर बदलला म्हणून रॅम बदला असं करत करत अख्खा नवीन पीसी गळ्यात पडतो. बोर्ड जातच नाही असं मी म्हणत नाही, जातो. पण घरच्या घरी सरळ तपासता येत नाही असा पार्ट म्हणजे तोच, त्यामुळे बाकी सगळं तपासून, एकेक वजा करून, शेवटी त्याच्यावर यायचं. सुरुवात तिथून करायची नाही.

आणि स्क्रू ड्रायव्हर हातात घ्यायच्या आधी एक बघायचं, पीसी नक्की कुठपर्यंत पोचून थांबतोय. बटण दाबल्यावर काय होतं ते थोडक्यात सांगतो म्हणजे पुढचं सगळं लक्षात येईल. प्लग लावलेला असतो तेव्हाच एसएमपीएस (पीसीच्या पॉवर सप्लायचा डबा) बोर्डाला ५ व्होल्टचा एक छोटा स्टँडबाय सप्लाय देत असतो, पीसी बंद असला तरी. बटण दाबलं की बोर्ड एसएमपीएसला सांगतो चालू हो, तो १२, ५ आणि ३.३ व्होल्ट चालू करतो, व्होल्टेज स्थिर झालं की "पॉवर गुड" नावाचा सिग्नल देतो, आणि तो सिग्नल आला तरच प्रोसेसर जागा होतो. मग बायॉस (बोर्डावरचा सुरुवातीचा प्रोग्रॅम), मग रॅमची तपासणी, मग डिस्प्ले, मग डिस्क शोधणं, आणि सगळ्यात शेवटी विंडोज. ह्या साखळीत जिथे गाडी अडली त्याच्या पुढचे पार्ट तपासण्यात वेळ घालवायचा नाही. पंखाच फिरत नसेल तर हार्डडिस्क बदलून काय होणार आहे, आणि विंडोजचा लोगो येऊन अडकत असेल तर एसएमपीएस अगदीच मेलेला नाही हे उघड आहे.

काहीच होत नाही, पंखा नाही, लाईट नाही

आधी भिंतीपासून सुरुवात करा. हसू नका, पण स्पाइक बोर्डचं बटण, सैल झालेली पॉवर केबल, एसएमपीएसच्या मागचा छोटा स्विच साफसफाईत चुकून बंद झालेला, ह्या तीन गोष्टींसाठी लोक कॅबिनेट रिक्षात घालून दुकानात नेतात. त्याच सॉकेटला मोबाईलचा चार्जर लावून बघा. यूपीएस असेल तर तो मधून काढून टाका आणि पीसी थेट भिंतीच्या सॉकेटला लावा, कारण घरगुती यूपीएसची बॅटरी दोन-तीन वर्षांत मान टाकते आणि बरेच स्वस्त यूपीएस बॅटरी पूर्ण मेल्यावर मेन लाईट असतानाही चालू होत नाहीत, किंवा चालू होऊन लोड आला की बंद पडतात.

मग प्लग काढा, पॉवर बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरा म्हणजे आत उरलेला चार्ज निघून जाईल, परत प्लग लावा आणि बघा. ह्याने पीसी चालू होण्याचं प्रमाण तुम्हाला वाटतं त्यापेक्षा जास्त आहे, विशेषतः लाईट जा-ये करून गेली असेल तर.

नाही झालं तर कॅबिनेटचं झाकण उघडा. बऱ्याच बोर्डांवर एक बारीक दिवा असतो जो प्लग लावला की पीसी बंद असतानाही पेटतो. तो पेटलाय म्हणजे स्टँडबाय सप्लाय येतोय. तो पेटलाय तरी बटणाने काही होत नाही तर आधी बटणावरच संशय घ्या, कॅबिनेटचं बटण ही अगदी साधी वस्तू आहे आणि ती खराब होते. बोर्डाच्या खालच्या कोपऱ्यात समोरच्या पॅनलच्या बारीक वायरी लागलेल्या असतात, त्यात पॉवर स्विचची दोन पिनची वायर शोधा, ती उपसा आणि त्या दोन पिनांना स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर एकदम टेकवा. पीसी चालू झाला तर बोर्ड, एसएमपीएस सगळं ठीक, बटण गेलंय. तात्पुरता उपाय म्हणजे रीसेटच्या बटणाची वायर पॉवरच्या पिनांवर लावून टाका, रीसेट बटण नाहीतरी कोण वापरतं. कुठल्या पिना कुठल्या ते बोर्डावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, नाहीतर मॉडेल नंबर टाकून मॅन्युअल डाउनलोड करा. अंदाजाने भलत्या पिना टेकवू नका, शेजारी यूएसबीच्या पिना असतात आणि त्यात ५ व्होल्ट असतात.

आता एसएमपीएस. त्याची ती प्रसिद्ध टेस्ट सगळ्यांना माहितीये, २४ पिनच्या कनेक्टरमधली हिरवी वायर आणि कुठलीही काळी वायर पेपरक्लिपने जोडायची आणि पंखा फिरतो का बघायचं. करायची पद्धत अशी की प्लग काढलेला असताना कनेक्टर बोर्डातून उपसा, इतर सगळ्या पार्टच्या पॉवर केबलही काढा, क्लिप लावा, मगच प्लग लावून स्विच टाका. हल्ली बऱ्याच एसएमपीएसच्या सगळ्याच वायरी काळ्या असतात, मग पिनांचा नकाशा बघून १६ नंबरची पिन शोधावी लागते. आणि ह्या टेस्टवर जास्त भरवसा ठेवू नका. पंखा फिरला म्हणजे एसएमपीएस चालू होतो एवढंच कळलं, लोड घेतो का ते नाही कळलं. उलट काही महागड्या एसएमपीएसचा पंखा गरम झाल्याशिवाय फिरतच नाही, तो बिचारा चांगला असून मेलेला ठरतो. मल्टिमीटर असेल तर पिवळी वायर १२ व्होल्ट, लाल ५, केशरी ३.३, प्रत्येकात ५ टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे पिवळीवर ११.४ ते १२.६ च्या मध्ये आकडा हवा. सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे ओळखीच्या कोणाचा चालू एसएमपीएस दहा मिनिटांसाठी आणून लावून बघणं. फक्त मॉड्युलर एसएमपीएस असेल तर एका कंपनीच्या केबल दुसऱ्याला लावू नका, कनेक्टर फिट बसतो पण आतली पिनांची मांडणी वेगळी असू शकते आणि डिस्क जळतात.

एसएमपीएसचा डबा मात्र उघडायचा नाही. प्लग काढला तरी आतल्या कपॅसिटरमध्ये जोरदार झटका बसेल इतका चार्ज राहतो. जुन्या मॉडेलला मागे लाल रंगाचा ११५/२३० असा स्विच असतो, तो आपल्याकडे २३० वरच पाहिजे, कुतूहल म्हणून सरकवलात तर फटाका वाजेल आणि एसएमपीएस गेला. कोकणात किंवा बागेशेजारी घर असेल तर मागच्या जाळीतून टॉर्च मारून बघा, आत पाल किंवा मुंग्या जाऊन शॉर्ट होणं ही आपल्याकडची अगदी नेहमीची गोष्ट आहे, वास पण येतो.

पंखा फिरतो आणि सेकंदात बंद पडतो, परत फिरतो

हे बहुतेक वेळा एसएमपीएस स्वतःला वाचवण्यासाठी बंद होत असतो किंवा बोर्डाला काहीतरी पटत नसतं. प्रोसेसरजवळची ४ किंवा ८ पिनची वेगळी पॉवर केबल नीट बसलीये का बघा, नवीन पीसी जोडताना लोक २४ पिनची लावतात आणि ही विसरतात. नुकतंच कॅबिनेट बदललं असेल तर बोर्डाच्या खाली पितळेचे जे खुंट असतात त्यातला एखादा जास्तीचा, भोक नसलेल्या जागी राहिलाय आणि बोर्डाच्या मागे टेकतोय असं होऊ शकतं, किंवा एखादा स्क्रू पडून बोर्डाखाली अडकलाय. बोर्ड बाहेर काढून त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवून चालू करून बघितला की हा प्रश्न सुटतो. चंदेरी अँटिस्टॅटिक पिशवीवर ठेवून चालू करू नका, ती पिशवी बाहेरून थोडीफार करंट नेते.

एक अपवाद लक्षात ठेवा. नवीन डीडीआर ५ रॅमचा पीसी, खास करून एएम ५ सॉकेटचा एएमडी रायझन प्रोसेसरवाला, पहिल्यांदा चालू करताना किंवा बायॉस रीसेट केल्यावर रॅमचं ट्रेनिंग, म्हणजे रॅमशी वेग जुळवणं, करतो, त्यात स्क्रीन काळी राहते, मध्येच आपणहून रीस्टार्टही होतो आणि ह्याला काही मिनिटं लागू शकतात. लोक घाबरून पुन्हा पुन्हा बटण दाबतात आणि ट्रेनिंग पहिल्यापासून सुरू होतं. चहा टाका, पिऊन या, मग बघा.

पंखे मस्त फिरतात पण स्क्रीनवर काही नाही

सगळ्यात जास्त लोक इथे अडकतात, आणि "मदरबोर्ड गेलाय" हे सगळ्यात जास्त वेळा इथेच ऐकायला मिळतं, म्हणून इथे जरा सविस्तर.

पहिलं, मॉनिटर. मॉनिटरचा सोर्स बरोबर आहे का, केबल दुसरी लावून बघितली का. ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल कार्डालाच लावायची, बोर्डाच्या मागच्या पोर्टला नाही. आणि आता हे नीट वाचा कारण ह्यात बरेच जण फसतात, ज्या इंटेल प्रोसेसरच्या नावात शेवटी एफ असतो, उदाहरणार्थ १२४०० एफ, त्यात इनबिल्ट ग्राफिक्स नसतंच, रायझन ५ ५६०० मध्ये पण नसतं, त्यामुळे बोर्डावर एचडीएमआय पोर्ट दिसला तरी तो मुका आहे. अशा पीसीचं ग्राफिक्स कार्ड काढून "बघू बोर्डावरून चालतंय का" केलं तर स्क्रीन काळीच राहणार आणि तुम्ही चांगल्या बोर्डाला दोष देणार. ज्यांच्यात इनबिल्ट ग्राफिक्स आहे त्यांनी मात्र कार्ड काढून ही टेस्ट जरूर करा.

दुसरं, रॅम. आपल्याकडच्या दमट हवेत, आणि पावसाळा-गणपतीच्या दरम्यान तर खासच, रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर थर बसतो आणि काँटॅक्ट जातो. प्लग काढा, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून अंगातला स्टॅटिक घालवा, रॅम काढा, शाळेतला साधा पांढरा खोडरबर हलक्या हाताने पट्ट्यांवर फिरवा, चुरा ब्रशने झटका, स्लॉटमध्ये तोंडाने फुंकर मारू नका कारण थुंकीचे कण जातात, कोरडा ब्रश किंवा ब्लोअर वापरा. आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळालं तर अजून चांगलं. रॅम परत लावताना दोन्ही बाजूंनी टक आवाज येईपर्यंत दाबायची, अर्धवट बसलेली रॅम दिसायला पूर्ण बसलेलीच दिसते. दोन रॅम असतील तर आधी एकच लावा, चार स्लॉटच्या बोर्डावर प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या स्लॉटमध्ये, बहुतेक बोर्डांना एकटी रॅम तिथेच हवी असते. मग तीच रॅम वेगळ्या स्लॉटमध्ये, मग दुसरी रॅम आधीच्या स्लॉटमध्ये, असं सगळं उलटसुलट करून बघा म्हणजे रॅम खराब की स्लॉट खराब ते वेगळं कळेल. कंटाळवाणं आहे पण करा, गेलेल्या बोर्डांपेक्षा मळलेल्या रॅमच मी जास्त बघितल्यात.

तिसरं, बोर्ड काय बोलतोय ते ऐका. जरा नव्या बोर्डांवर प्रोसेसर, रॅम, व्हीजीए (डिस्प्ले) आणि बूट असे चार बारीक दिवे असतात, ज्याच्यावर दिवा अडकून राहतो तिथे घोडं पेंड खातंय. दिवे नसतील तर बीप. हल्लीच्या कॅबिनेटमध्ये स्पीकरच देत नाहीत, पण चार पिनचा छोटा बझर मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तापकीर गल्लीत किरकोळ पैशात मिळतो, ऑनलाइन पण मिळतो, तो बोर्डावर स्पीकर लिहिलेल्या पिनांवर लावा. बीपचा अर्थ कंपनीप्रमाणे बदलतो त्यामुळे एकच तक्ता सगळ्यांना लावू नका. असूसच्या बोर्डावर एक लांब आणि दोन छोटे म्हणजे रॅम सापडत नाही, एक लांब आणि तीन छोटे म्हणजे डिस्प्ले कार्ड सापडत नाही, आणि जुन्या अवॉर्ड कंपनीच्या बायॉसमध्ये एक लांब दोन छोटे म्हणजे डिस्प्लेचा प्रॉब्लेम. बघा, तोच आवाज आणि अर्थ वेगळा. एक गंमतशीर टेस्ट म्हणजे सगळ्या रॅम काढून चालू करणं. बझर ओरडला तर प्रोसेसर आणि बायॉस जिवंत आहेत, बोर्डही बऱ्यापैकी जिवंत आहे, आणि ही फार चांगली बातमी आहे. रॅम नसताना पण चिडीचूप असेल तर मामला गंभीर.

चौथं, बायॉसची सेल. सीआर २०३२ नावाची नाण्याएवढी ३ व्होल्टची सेल, जनरल स्टोअरमध्ये पण मिळते. तारीख मागे जाणं, ब्राउझरमध्ये प्रत्येक साईट असुरक्षित दाखवणं, चालू करताना "सीमॉस चेकसम एरर, एफ १ दाबा" असं येणं ही सेल संपल्याची लक्षणं. नवीन सेल मीटरवर ३ च्या थोडं वर दाखवते, २.७-२.८ च्या खाली असेल तर बदलून टाका. काही बोर्ड तर सेल मेली की चालूच होत नाहीत. सेल काढून, प्लग काढलेला ठेवून पाच-दहा मिनिटं थांबलं की बायॉसच्या सेटिंग पण रीसेट होतात, बोर्डावर क्लिअर सीमॉसच्या दोन पिना असतात त्यानेही होतं.

पण रीसेट करायच्या आधी दोन गोष्टी. जुन्या बोर्डावर रीसेटनंतर डिस्कचा मोड, म्हणजे बोर्ड डिस्कशी बोलतो ती पद्धत, एएचसीआयवरून आयडीईवर जातो आणि मग विंडोज निळी स्क्रीन देऊन "इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस" म्हणतं, लोकांना वाटतं डिस्क गेली, तर नुसता मोड परत एएचसीआय करायचा असतो. आणि विंडोज ११ वाल्यांनो, डिस्क एन्क्रिप्ट असेल तर बायॉसमध्ये बदल झाल्यावर बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला कुलूप लावणारं एन्क्रिप्शन) ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकतो. २४ एच २ ह्या विंडोज ११ च्या २०२४ च्या आवृत्तीपासून नवीन इन्स्टॉल करताना मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की बऱ्याच पीसीवर एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं, तुम्ही चालू केलेलं आठवत नसलं तरी. ती की मोबाईलवरून त्याच अकाउंटमध्ये लॉगिन करून डिव्हाइसच्या माहितीत सापडते, आत्ताच कागदावर लिहून ठेवा.

ह्या सगळ्याने झालं नाही तर कमीत कमी पार्टवर या. बोर्ड, प्रोसेसर, कूलर, एक रॅम, एसएमपीएस, बस. डिस्क, यूएसबीच्या वस्तू, वायफाय कार्ड, ग्राफिक्स कार्ड गरज नसेल तर तेही, सगळं काढा. चालू झाला तर एकेक लावत जा आणि ज्याने परत बंद पडला तो चोर. पुढचे यूएसबी पोर्ट वाकून आतल्या पिना एकमेकींना टेकल्या तरी पीसी अडतो, त्यामुळे समोरच्या यूएसबीची वायर बोर्डातून काढायला विसरू नका.

नवीन प्रोसेसर टाकल्यावर असं झालं असेल तर वेगळंच कारण असू शकतं, बायॉस जुना आहे. बी ४५० बोर्डावर रायझन ५००० मालिकेचा प्रोसेसर चालतो, पण बायॉस अपडेट केल्यावरच, कारण बोर्ड २०१८ चा आणि प्रोसेसर २०२० चा. फ्लॅशबॅकचं (जुना प्रोसेसर न लावता बायॉस अपडेट करणारं) बटण असेल तर पेनड्राइव्हने होतं, नसेल तर जुना प्रोसेसर परत लावून करावं लागतं. कूलर काढताना एएम ४ (रायझनचं आधीचं सॉकेट) वाल्यांनी सरळ वर ओढू नये, थर्मल पेस्ट चिकटून प्रोसेसर सॉकेटमधून उपसून येतो आणि पिना वाकतात. थोडा वेळ चालवून गरम करून (चालू होत नसेल तर हेअर ड्रायरने), हळूच डावीकडे उजवीकडे फिरवत काढायचा.

लोगो येतो, पुढे "बूट डिव्हाइस सापडत नाही"

इथपर्यंत आलात म्हणजे बोर्ड, प्रोसेसर, रॅम, डिस्प्ले चालतायत, श्वास सोडा. आधी पेनड्राइव्ह, बाहेरची हार्डडिस्क, कार्ड रीडर सगळं काढा आणि रीस्टार्ट करा. बायॉसमध्ये जा, डिलीट किंवा एफ २ दाबत राहायचं, आणि डिस्क दिसते का बघा.

दिसते पण बूट होत नाही, तर बूटच्या क्रमात "विंडोज बूट मॅनेजर" वर आहे का बघा, आणि बूटची पद्धत यूईएफआय (नवीन) की लेगसी (जुनी) ते बघा. जीपीटी ह्या नव्या मांडणीच्या डिस्कवर टाकलेलं विंडोज यूईएफआय मोडमध्ये चालतं आणि जुन्या एमबीआर मांडणीवालं लेगसीमध्ये, सेल बदलल्यावर हा मोड पालटलेला असतो. दिसतच नाही, तर साटा केबल (डिस्क बोर्डाला जोडणारी) बदला, बोर्डावरचं पोर्ट बदला, डिस्कची पॉवर केबल दुसरी लावा. साटा केबल हा फार दुर्लक्षित पार्ट आहे, स्वस्त असतो आणि खूप त्रास देतो. एनव्हीएमई (थेट बोर्डावर बसणारी पट्टीसारखी डिस्क) असेल तर काढून परत बसवा.

जुनी फिरणारी हार्डडिस्क टक-टक-टक असा ठरावीक आवाज करत असेल तर तिथेच थांबा. रिपेअर, चेकडिस्क, फॉरमॅट काही करू नका, चेकडिस्क पूर्ण डिस्क घासून काढतो आणि मरायला टेकलेली डिस्क त्यातच जाते. फोटो महत्त्वाचे असतील तर ती काढून बाजूला ठेवा आणि डेटा रिकव्हरीवाल्याकडे द्या. आवाज नसेल, नुसती स्लो असेल, तर आधी डेटा कॉपी करा आणि मग क्रिस्टलडिस्कइन्फो ह्या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये बघा, रीअलोकेटेड आणि पेंडिंग सेक्टरचे (डिस्कवरच्या खराब जागांचे) आकडे शून्याच्या वर जाऊन वाढत असतील तर डिस्क बदला. सीआरसी एररचा (डेटा वाटेत बिघडल्याचा) आकडा वाढत असेल तर मात्र डिस्क नाही, आधी केबल.

विंडोजचा गोल फिरतच राहतो किंवा निळी स्क्रीन

इथे एक पेनड्राइव्ह कामाचा आहे, लिनक्स मिंट किंवा उबुंटू ह्या विंडोजऐवजी चालणाऱ्या सिस्टीमचा लाइव्ह पेनड्राइव्ह. दुसऱ्या पीसीवर रूफस ह्या प्रोग्रॅमने बनवा, त्यावरून पीसी चालू करा, इन्स्टॉल करायचं नाही, नुसतं "ट्राय" म्हणायचं. अर्धा तास व्हिडिओ वगैरे लावून बघा. त्यात सगळं सुरळीत चाललं तर हार्डवेअरवरचा संशय बराच कमी झाला, विंडोज किंवा डिस्क बघा, आणि डिस्क एन्क्रिप्ट नसेल तर तिथूनच डेटा पण काढता येतो. लिनक्स पण अडखळत असेल, बंद पडत असेल तर हार्डवेअरच आहे, मेमटेस्ट ८६ प्लस (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) रात्रभर लावा. एक जरी लाल एरर आली तरी आधी एक्सएमपी (रॅम जास्त वेगाने चालवणारी बायॉसमधली सेटिंग) बंद करून परत तपासा, तरी एरर आली तर रॅम बदला.

विंडोजच असेल तर बूट होताना तीन वेळा मध्येच बंद पडलं की रिपेअरची स्क्रीन आपोआप येते. त्यात स्टार्टअप रिपेअर, नाही झालं तर अपडेट काढून टाकणं, नाही झालं तर सेफ मोड. सेफ मोडमध्ये चालतंय म्हणजे बहुतेक ड्रायव्हर. जुलै २०२४ मध्ये क्राउडस्ट्राइक ह्या सुरक्षा सॉफ्टवेअर कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरातले साधारण ८५ लाख विंडोज पीसी एका दिवसात निळ्या स्क्रीनवर आणून ठेवले होते, विमानतळावर बोर्डिंग पास हाताने लिहून देत होते, आणि त्यातल्या एकाचंही हार्डवेअर बिघडलेलं नव्हतं, सेफ मोडमध्ये जाऊन एक फाईल उडवली की पीसी चालू. त्यामुळे निळी स्क्रीन बघितली की लगेच पार्ट विकत घ्यायला धावू नका.

चालू होतो पण मध्येच बंद पडतो

गेम किंवा रेंडरिंग सुरू केलं की बंद, तर एसएमपीएस किंवा उष्णता. बायॉसमध्ये प्रोसेसरचं तापमान बघा, काही न करता ७०-८० च्या वर जात असेल तर कूलर सैल झालाय, एखादी प्लास्टिकची पिन निघालीये, किंवा पेस्ट वाळून खडा झालीये. कूलरच्या जाळीत धूळ साचून वाकळ झालेली असते, ब्रश आणि ब्लोअर, पंखा बोटाने धरून ठेवा म्हणजे उलटा भन्नाट फिरणार नाही. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये "कर्नल-पॉवर ४१" दिसलं की लोक नेटवर त्याच्यावर उपाय शोधत बसतात, त्याचा अर्थ एवढाच की पीसी नीट शटडाऊन न होता बंद पडला, का पडला ते त्यात नसतं.

कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येत असतील तर अर्थिंग बघा. मीटरवर फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० च्या आसपास, फेज आणि अर्थमध्ये पण जवळपास तेवढंच, आणि न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत असायला हवं. तिथे वीस-तीस व्होल्ट दिसत असतील तर इलेक्ट्रिशियनला बोलवा, आणि सॉकेटमध्ये मीटर घालायची सवय नसेल तर हे मोजमाप पण त्यालाच करू द्या. जुन्या चाळीत, गावाकडच्या घरात अर्थिंगचं भोक नुसतं शोभेला असतं, आणि तिथे एसएमपीएस बदलत राहिलात तरी तो परत जाणार.

आता खरंच बोर्ड

चांगला एसएमपीएस लावून, एका चांगल्या रॅमवर, सेल बदलून, पुठ्ठ्यावर ठेवून पण बोर्ड गप्प, तर मग बोर्ड किंवा प्रोसेसर, आणि प्रोसेसर क्वचित जातो. टॉर्च घेऊन बोर्ड निरखून बघा, डोकं फुगलेले किंवा गळलेले कपॅसिटर, काळा डाग, इंटेलच्या सॉकेटमध्ये वाकलेली पिन. २००० नंतरच्या काही वर्षांत तर खराब कपॅसिटरची मोठी लाटच आली होती, त्या काळातला बोर्ड असेल तर तेच बघा आधी. फुगलेले कपॅसिटर चिप लेव्हल, म्हणजे बोर्डावरचे बारीक भाग बदलायचं, काम करणारा माणूस कमी पैशात बदलून देतो, गावात टीव्ही रिपेअरवाला असेल तर तो पण देतो.

दुकानात देताना डिस्क काढून घरी ठेवा, बोर्ड चालतो का बघायला त्यांना तुमची डिस्क लागत नाही. रॅम, प्रोसेसर, ग्राफिक्स कार्डाच्या सिरियल नंबरचे फोटो काढा. वॉरंटीत असेल तर सॉकेटचा पण जवळून फोटो काढा, कारण पिन वाकली असेल तर वॉरंटी नाकारतात आणि ती कोणी वाकवली हा वाद नंतर मिटत नाही, सॉकेटवरचं प्लास्टिकचं झाकण असेल तर लावूनच द्या. आणि तुम्ही काय काय बदलून बघितलंत ते कागदावर लिहून त्यांच्या हातात ठेवा, "रॅम चारही स्लॉटमध्ये बघितली, दुसरा एसएमपीएस लावला, रॅम काढल्यावर बीप येत नाही" असं. बोर्ड बदलला तर जुना परत मागून घ्या, त्यावरचे हीटसिंक, सेल, मागची पट्टी घरात कधीतरी कामाला येतात.